विमानातून ३ लिटरची पोनी टाकी: मस्कत – पुणे – हॅवलॉक

निळीशाई
नमस्कार मंडळी. इथे डायव्हिंग करणारे आणि विमान कंपन्यांत काम केलेले बरेच जण आहेत, म्हणून धागा काढतेय.

फेब्रुवारीत मी आणि नवरा आठ दिवस अंदमानातल्या हॅवलॉकला, म्हणजे आताच्या स्वराज द्वीपला, जातोय. पुणे, चेन्नई, पोर्ट ब्लेअर (आताचं श्री विजयपुरम) आणि तिथून बोट. माझे ४६ डाईव्ह झालेत, नवऱ्याचे २०. माझा भाऊ मस्कतला असतो. त्याच्याकडे ३ लिटरची छोटी ॲल्युमिनियमची टाकी आहे, जिला डायव्हर लोक पोनी म्हणतात. तिला स्वतःचा वेगळा रेग्युलेटर, म्हणजे तोंडात धरून श्वास घ्यायचं साधन, असतो. पाठीवरच्या मोठ्या टाकीची हवा गेली तर ही तोंडात घ्यायची आणि वर यायचं. भाऊ जानेवारीत मुंबईमार्गे घरी येताना ती माझ्यासाठी आणायला तयार आहे.

का हवी तेही सांगते. गेल्या वर्षी कर्नाटकातल्या नेत्राणी बेटाजवळ १७ मीटरवर असताना माझ्या टाकीच्या तोंडाशी बसवलेली ओ-रिंग, म्हणजे हवा अडवणारी रबरी कडी, फाटली. डोक्यामागे एकदम धडधड सुरू झाली, सगळीकडे बुडबुडे, आणि गेजचा काटा डोळ्यांदेखत खाली येत होता. नवरा पुढे होता, एका कासवाच्या मागे. मी त्याच्याकडे पोहत निघाले, पण आमच्यातलं अंतर कमीच होईना. बाजूने गाईड आला, त्याने त्याचा ऑक्टोपस, म्हणजे दुसऱ्याला द्यायचा जादाचा रेग्युलेटर, माझ्या तोंडात दिला आणि आम्ही वर आलो. बोटीवर आले तेव्हा टाकीत ३० बार (बार म्हणजे दाबाचं माप) उरले होते. त्या दीड-दोन मिनिटांनंतर मला पाण्यात पहिल्यासारखं मोकळं वाटलेलं नाही.

भरलेली टाकी विमानात नेता येत नाही हे ठाऊक आहे. रिकामी चालते का? वॉल्व्ह काढावा लागतो का? हातातल्या सामानात की चेक-इनमध्ये? कुणी प्रत्यक्ष नेली असेल तर कृपया लिहा.

धावपट्टी
ताई, मी २६ वर्षं विमानतळावर ग्राउंड हँडलिंगमध्ये होतो, त्यातली बरीच डेंजरस गुड्सच्या कामात गेली. आता निवृत्त आहे.

दाबाखालची हवा म्हणजे यूएन १००२, वर्ग २.२, ज्वलनशील नसलेला वायू. प्रवाशाच्या सामानात भरलेली टाकी कुठल्याही कंपनीत चालणार नाही, केबिनमध्येही नाही आणि खालीही नाही. आपल्याकडे याला विमानातून धोकादायक मालवाहतुकीचे नियम लागू आहेत, आणि ते आंतरराष्ट्रीय नियमांना धरूनच आहेत.

गोंधळ रिकाम्या टाकीचा होतो. काही कंपन्या लिहितात, टाकी रिकामी आणि वॉल्व्ह उघडा हवा. काही म्हणतात, वॉल्व्ह पूर्ण काढलेला हवा. काही सरळ नाही म्हणतात. कारण समजून घ्या. एक्स-रेच्या पडद्यावर जाड भिंतीचा बंद धातूचा नळकांडा दिसतो, आत २०० बार आहेत की शून्य, ते पडद्यावर कळत नाही. तपासणाऱ्या जवानाकडे तुमच्या शब्दाशिवाय काही नसतं. म्हणून भोक उघडं असेल आणि आत बॅटरी मारून बघता येत असेल तर तो सोडू शकतो. तरी शेवटचा शब्द त्याचाच. कंपनीची ईमेल हातात असली तरी सुरक्षा तपासणी ही वेगळी यंत्रणा आहे, हे लक्षात ठेवा.

तुमच्या मार्गात मस्कत, मुंबई, पुणे, चेन्नई अशा चार ठिकाणी हा प्रश्न येणार, आणि परतीच्या वाटेवर पुन्हा. एका ठिकाणी अडली की टाकी तिथेच राहील.

सागरतळ
पण काका, वर हवेचा दाब कमी होतो म्हणून टाकी फुटेल असं म्हणतात, ते खरं का?

धावपट्टी
नाही. केबिनमधला दाब फार तर ०.७५ बारपर्यंत उतरतो. जमिनीवर १ बार असतो. म्हणजे २०० बारच्या टाकीला फरक पडतो पाव बारचा. उंचीने टाकी फुटत नाही.

भीती वेगळी आहे. आधीच चरा पडलेली, गंजलेली किंवा वॉल्व्हवर मार बसलेली टाकी बंद पोटात सुटली तर काय होतं, ते २५ जुलै २००८ ला दिसलं. क्वांटासचं हाँगकाँगहून मेलबर्नला निघालेलं ७४७ होतं. पुढच्या मालकक्षात विमानाचाच आणीबाणीचा ऑक्सिजन सिलिंडर फुटला. विमानाच्या बाजूला मोठं भगदाड पडलं, आणि सिलिंडर वर उसळून केबिनच्या जमिनीतून आत घुसला. विमान मनिलाला सुखरूप उतरलं, सगळे वाचले. सिलिंडर विमानाबाहेर पडून समुद्रात गेला, त्यामुळे तो का फुटला ते ऑस्ट्रेलियाच्या तपास यंत्रणेला शेवटपर्यंत ठरवता आलं नाही.

दुसरं उदाहरण ११ मे १९९६ चं. फ्लोरिडात व्हॅल्यूजेट ५९२ पडलं आणि ११० माणसं गेली. मालकक्षात मुदत संपलेले रासायनिक ऑक्सिजन जनरेटर होते आणि कागदावर ते रिकामे म्हणून नोंदले होते. ती हवेची टाकी नव्हती, पण "रिकामं आहे" हा शब्द आमच्या क्षेत्रात त्या दिवसापासून कुणी सहज घेत नाही. प्रशिक्षणात हे उदाहरण ऐकताना वर्गात शांतता व्हायची.

 

अटलांटिकपार
मी फ्लोरिडात राहतो, आणि ही गोष्ट प्रत्यक्ष केलेली आहे. अमेरिकेत टीएसएचा, म्हणजे विमानतळावर सुरक्षा तपासणी करणाऱ्या सरकारी यंत्रणेचा, नियम स्पष्ट आहे: वॉल्व्ह सिलिंडरपासून पूर्ण वेगळा केलेला असावा आणि सिलिंडरचं तोंड उघडं असावं, म्हणजे आत बघता येईल. वॉल्व्ह तिथले कर्मचारी काढून देत नाहीत. आपण आधी काढून न्यायचा.

तीन वर्षांपूर्वी मी १९ घनफुटांची पोनी अशी घेऊन कॅरिबियनमधल्या एका बेटावर गेलो. रिकामं नळकांडं साडेतीन किलोच्या वर, वॉल्व्ह वेगळा, तोंडावर जाळीचं कापड रबराने बांधलेलं. जाताना बॅग उघडून पाहिली, चिठ्ठी ठेवली, काही अडलं नाही. खरी अडचण तिथे पोहोचल्यावर आली. मी हॉटेलच्या खोलीत वॉल्व्ह परत बसवला आणि टाकी भरायला घेऊन गेलो. दुकानातल्या बाईंनी विचारलं, वॉल्व्ह कुणी बसवला? मी म्हटलं, मी. त्यांनी भरायला नकार दिला. उघडलेली टाकी आतून तपासून, मानेच्या पेचांना भिंगाखाली बघून, नवी ओ-रिंग घालून, ठरलेल्या जोराने वॉल्व्ह बसवल्याशिवाय त्या भरत नाहीत. तपासणारा माणूस दोन दिवसांनी येणार होता. सहा दिवसांच्या सहलीतले दोन दिवस पोनीशिवाय गेले.

तेव्हा मला राग आला होता. नंतर विचार केला तर त्या बाईंचंच बरोबर होतं. जोडलेली टाकी २०० बारला भरताना शेजारी उभं त्यांना राहायचं होतं.

रापणकार
ताई, मी तारकर्लीक चवदा वर्सा डायव्हर म्हणान काम करतंय, कंप्रेसरय मीच बघतंय. सगळ्यांका कळूक व्हया म्हणान पुढचा साध्या मराठीत लिवतंय.

वरच्या दादांनी वॉल्व्हबद्दल लिहिलं ते शंभर टक्के खरं. त्यात भर घालतो.

एक, वॉल्व्ह काढायच्या आधी टाकी पूर्ण रिकामी आहे हे दोनदा बघायचं. वॉल्व्ह उघडून आवाज थांबला म्हणजे रिकामी असं समजू नका, आत मिठाने किंवा गंजाने नळी चोंदलेली असू शकते. दाब असताना वॉल्व्ह निघाला तर तो गोळीसारखा सुटतो. हे घरी पान्याने करायचं कामच नाही.

दोन, हवा हळू सोडायची. भसकन सोडली की टाकी गार पडते, तोंडाशी दंव धरतं आणि आत ओल राहते. आपण डायव्हरला पहिल्या दिवसापासून शिकवतो की टाकी कधी पूर्ण संपवू नकोस, थोडे बार ठेव म्हणजे खारं पाणी आत जाणार नाही. विमानासाठी नेमकं उलट करावं लागतं आणि टाकी उघड्या तोंडाने प्रवास करते.

तीन, आणि हे सगळ्यात जीवावरचं: पेच. अमेरिकन टाक्यांच्या मानेचा पेच पाऊण इंची असतो. युरोपातून आलेल्या टाकीला मेट्रिक एम२५ असतो, लहान टाक्यांना एम१८ पण असतो. पाऊण इंची आणि एम२५ दिसायला जवळजवळ सारखे. चुकीचा वॉल्व्ह काही आटे आत जातो, घट्ट बसल्यासारखा वाटतो, आणि भरताना उडतो. म्हणून मस्कतच्या टाकीच्या खांद्यावर काय काय ठोकलंय त्याचा फोटो मागवा.

बारोमीटर
सगळे टाकी कशी न्यायची यावर बोलताहेत. ती पुरते का, ते आधी बघू. कागद-पेन्सिल घेऊन केलेला हिशेब देतो.

शांत माणूस पृष्ठभागाच्या मापाने मिनिटाला १५ ते २० लिटर हवा घेतो. घाबरला की ४० सहज होतात. ३० मीटरवर दाब ४ बार, म्हणजे प्रत्येक लिटरचे चार. गोंधळ, रेग्युलेटर शोधणं, श्वास सावरणं यात एक मिनिट धरा: १६० लिटर. मग ३० वरून ५ मीटरपर्यंत मिनिटाला ९ मीटरच्या वेगाने पावणेतीन मिनिटं, सरासरी दाब २.७५: सुमारे ३०५. पाच मीटरवर तीन मिनिटांचा थांबा (अंगात साठलेला नायट्रोजन हळूहळू बाहेर पडावा म्हणून घेतात): १८०. शेवटचे पाच मीटर: २५-३०. सगळे मिळून सुमारे ६७० लिटर.

३ लिटरची टाकी २०० बारला भरली तर ६०० लिटर. म्हणजे ३० मीटरवरून पूर्ण थांब्यासह ती थोडी कमी पडते, थांबा सोडला तर पुरते. १८ मीटरवरून हाच हिशेब साधारण ४४५ वर येतो, तिथे ती थांब्यासह पुरते.

स्पेअर एअर नावाची हातात मावणारी बाटली बरेच जण घेतात. तिच्या एका नेहमीच्या मापात ३ घनफूट, म्हणजे सुमारे ८५ लिटर हवा असते. ३० मीटरवर घाबरलेल्या माणसाला ती अर्धा मिनिट पुरेल. उथळ पाण्यात ठीक, पण खोल डाईव्हला तिच्यावर विसंबू नये असं माझं ठाम मत आहे.

केतकीबन
ऑनलाइन अर्ध्या लिटरच्या मिनी टाक्या मिळतात, सोबत हातपंप. त्या विमानात रिकाम्या नेऊन तिथे पंपाने भरता येतील ना? आमच्या सोसायटीतल्या मुलाने मागवलीय, त्याने डायव्हिंगचा कोर्स केलेला नाही, नुसता पोहतो.

नाडीपरीक्षा
केतकीबन, मी डॉक्टर आहे. त्या मुलाला आजच थांबवा, ही माझी हात जोडून विनंती.

१० मीटरवर दाब २ बार असतो. तिथे टाकीतून भरून घेतलेला श्वास कोंडून माणूस वर आला तर छातीतल्या हवेचं आकारमान दुप्पट होऊ पाहतं. फुप्फुसाचा पडदा फाटतो, हवा रक्तात शिरते, तिथून मेंदूकडे जाते. याला दहा मीटरही लागत नाहीत. छाती भरून घेतलेल्या श्वासासह दीड-दोन मीटरवरून वर येतानाही अशी इजा झाल्याची उदाहरणं वैद्यकीय साहित्यात आहेत. नुसतं पोहणाऱ्याची सवय श्वास रोखून वर येण्याची असते, आणि तीच सवय इथे घात करते. कोर्समध्ये पहिलं वाक्य शिकवतात ते हेच: श्वास कधी रोखू नकोस.

रापणकार
आणि हातपंपाबद्दल मी सांगतो. आमच्या कंप्रेसरला ओल आणि तेलाची वाफ अडवायला गाळण्या असतात, त्या ठरलेल्या तासांनी बदलतो. कंप्रेसरची हवा कुठून ओढली जाते तेही बघतो, जवळ बोटीचं इंजिन चालू असेल तर बंद करायला लावतो, कार्बन मोनॉक्साइड आत जाऊ नये म्हणून. हातपंपाने २०० बारपर्यंत भरताना पंप तापतो, वंगण कुठलं वापरलंय ते माहीत नसतं. त्यातून आलेली हवा मी माझ्या मुलाला देणार नाही.

केतकीबन
धन्यवाद डॉक्टर, धन्यवाद दादा. त्याच्या आईला दोन्ही प्रतिसाद वाचून दाखवले. टाकी परत पाठवली.

पाणकोंबडी
थोडं वेगळं मत मांडते. निळीशाई, तुझा अनुभव वाचताना पोटात खड्डा पडला. पण तुझी ओ-रिंग फाटली तेव्हा हवेपेक्षा जास्त कमी होता तो बडी, म्हणजे सोबतचा डायव्हर. तुझा नवरा हाताच्या अंतरावर असता तर ही गोष्ट दहा सेकंदांत संपली असती. पोनी घेतलीस आणि तो तसाच पुढे जात राहिला, तर २० डाईव्ह झालेल्या माणसाला तू उलट आणखी एकटं सोडशील. त्याला काही झालं तर तो कुणाकडे येणार?

निळीशाई
पाणकोंबडी, तुझा प्रतिसाद मी नवऱ्याला वाचायला दिला. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "त्या दिवशी मी मागे वळून बघितलंच नव्हतं." आम्ही हा विषय वर्षभर टाळत होतो, हे तेव्हा कळलं.

तरीही मला दोन्ही हवंय. तो जवळ हवा आणि माझी स्वतःची हवाही.

भावाने फोटो पाठवला. मानेचा पेच एम१८, दाबचाचणीची शेवटची तारीख २०१६.

रापणकार
मग विषय संपला ताई. दर पाच वर्षांनी करायच्या दाबचाचणीची मुदत कधीच उलटून गेली, मी असतो तर भरली नसती. शिवाय भारतात गॅस सिलिंडर नियम, २०१६ लागू आहेत. ते काम बघणारी पेसो ही संस्था, तिचं मुख्यालय आपल्या नागपुरातच आहे. अर्ध्या लिटरच्या वरचा सिलिंडर बाहेरून आणायचा तर त्यांची परवानगी लागते, आणि भरणाऱ्यालाही त्यांची मान्यता असलेलाच सिलिंडर भरता येतो. भाऊ विमानतळावरून घेऊन आला तरी ती इथे नियमाने भरून मिळणार नाही.

असं करा. टाकी तिथली घ्या, रेग्युलेटर तुमचा न्या. आजच डाईव्ह सेंटरला लिहा, "लहान स्टेज सिलिंडर, म्हणजे अंगाला लटकवायची जादाची टाकी, भाड्याने आहे का, किती लिटरचा, वॉल्व्ह योक की डिन?" योक आणि डिन या रेग्युलेटर बसवायच्या दोन वेगळ्या पद्धती आहेत, म्हणून हा शेवटचा प्रश्न विसरू नका, नाहीतर रेग्युलेटर बसणार नाही.

अटलांटिकपार
मीही आता हेच करतो. रेग्युलेटरचा टाकीवर बसणारा भाग (फर्स्ट स्टेज), तोंडात घ्यायचा भाग (सेकंड स्टेज), छोटा गेज आणि टाकी अंगाला लटकवायचे पट्टे, सगळं दोन-अडीच किलोत येतं. रेग्युलेटर केबिन बॅगेत ठेवतो, कारण तो हरवला तर सहल संपते. डायव्हिंगचा टॉर्चही केबिनमध्ये घ्या, बॅटरी काढून वेगळी ठेवा, आणि कंपनीला आधी विचारा. हे टॉर्च पाण्याबाहेर चालू राहिले तर भयंकर तापतात.

निळीशाई
तीन सेंटरना लिहिलं होतं. एकाचं उत्तर नाही, एकाकडे फक्त मोठ्या टाक्या. तिसऱ्यांकडे ४० घनफुटांची, म्हणजे ५.७ लिटरची ॲल्युमिनियमची टाकी आहे, योक वॉल्व्ह, रोजच्या भाड्याने. बारोमीटर, तुमच्या हिशेबाने ती ३० मीटरवरून थांब्यासह पुरून उरते ना?

बारोमीटर
२०० बारला ११४० लिटर. आरामात पुरते. थोडी मोठी वाटेल, पण ॲल्युमिनियमची आहे, हवा कमी झाली की हलकी होते.

रापणकार
पाठीला बांधू नका, डाव्या बाजूला लटकवा. म्हणजे वॉल्व्ह आणि गेज डोळ्यांसमोर राहतात. वॉल्व्ह उघडा ठेवा आणि दर थोड्या वेळाने गेज बघा, सेकंड स्टेज गळत असेल तर लगेच कळतं. पहिल्या दिवशी उथळ पाण्यात सराव करा. सराव केल्याशिवाय ती टाकी नुसतं वजन.

निळीशाई (मार्च)
परत आलो. धागा अर्धवट सोडायचा नव्हता म्हणून लिहितेय.

विमानात काहीच अडलं नाही, कारण नेण्यासारखं काही नव्हतंच. रेग्युलेटर पाहून चेन्नईला एका जवानाने विचारलं हे काय आहे, मी तोंडाला लावून दाखवलं, त्याने मान हलवली. देशांतर्गत विमानाच्या १५ किलोंतही सगळं बसलं.

पहिल्या दिवशी ६ मीटरवर वाळूत गुडघे टेकून सराव केला. तोंडातला रेग्युलेटर काढायचा, डावीकडचा घ्यायचा, फुंकून पाणी काढायचं, श्वास. पहिल्या वेळी हात पट्ट्यात अडकला. चौथ्या वेळी डोळे मिटून जमलं. मग नवऱ्यासोबत ऑक्टोपस देण्याघेण्याचा सराव केला, दोघांनी आलटूनपालटून, रोज प्रत्येक डाईव्हच्या सुरुवातीला. गाईडने स्वतःहून सांगितलं की अनुभवी लोक हे करायचं सोडून देतात.

पाचव्या दिवशी जॉनीज गॉर्जला २८ मीटरवर गेलो. खाली माशांचे थवे इतके दाट होते की मधूनच नवरा दिसेनासा होई. प्रत्येक वेळी तो पुन्हा दिसला तेव्हा त्याचं तोंड माझ्याकडे होतं. राखीव टाकी १९५ बारला पाण्यात गेली आणि १९५ लाच वर आली.

शेवटचा डाईव्ह आणि विमान यात पूर्ण एक दिवस ठेवला, सलग अनेक डाईव्ह झाल्यावर किमान १८ तास लागतात म्हणून.

पाणकोंबडी
वाचून फार बरं वाटलं गं. भावाच्या टाकीचं काय केलंस?

निळीशाई
ती मस्कतलाच आहे. त्याने चाचणीला दिलीय. पास झाली तर मे महिन्यात आम्ही तिकडे जातोय, दिमानियातच्या बेटांवर. तिथे ती पाण्यात जाईल, विमानात चढणार नाही.